शैलाला न केलेला फोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही – तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? की तुम्ही ऐकून घ्याल आणि उलट काही विचारणार नाही म्हणून? माझ्या हेतूंवर माझाच भरवसा नाही, तेव्हा तुम्हीही फार ठेवू नका.

स्वभावच माझा संशयी. दूध घेतलं तरी त्यावरची तारीख दोनदा वाचणारी मी. ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला आलो, तेव्हा पहिले चार महिने शैलाच्या घरी राहिलो. तिचा नवरा डॉक्टर, माझ्या नवऱ्याच्या गावचा. त्याच्या शब्दाबाहेर माझा नवरा कधी जात नसे. शैला कोल्हापूरची, हसरी, हातात सतत काहीतरी काम असलेली. त्या चार महिन्यांत एकदाही तिने मला पाहुणी असल्यासारखं वागवलं नाही. हे आधीच सांगून ठेवते – नाहीतर पुढे मी ते गाळून टाकीन.

पुढे आम्ही वेगळं घर घेतलं आणि एका जानेवारीत शैला नि मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. दर मंगळवारी सकाळी अमेरिकन साहित्याचा वर्ग. गाडी मी चालवायची, कारण शैलाला डॉक्टरांनी शिकू दिली नव्हती. वर्गात जुन्या न्यू इंग्लंडमधल्या कर्मठ प्युरिटन लोकांच्या गोष्टी होत्या. गाव लहान, देव कडक, आणि पाप कुणाचंही असो, सगळ्यांसमोर उभी करायची ती बाई. एका गोष्टीतल्या शेजारणी तर काहीच करत नाहीत – नुसत्या एका बाईच्या दारावरून जायचं सोडून लांबच्या वाटेने प्रार्थनेला जाऊ लागतात. मला ती गोष्ट फार आवडली होती. आवडली हा शब्द बरोबर आहे का? बहुतेक आहे.

फेब्रुवारीपासून शैला हजेरी लावून मधल्या सुट्टीत नाहीशी होऊ लागली. वर्ग सुटताना दारापाशी हजर. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणायची, ‘लायब्ररीत गं.’ पण तिच्या हातात पुस्तक कधी नसायचं, आणि बुटांना बर्फ लागलेला असायचा. एका मंगळवारी मी तिच्या मागे गेले. तर ती पार्किंगमध्ये एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाच्या गाडीत बसली. त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. त्या उघड्या दारावर मी आठवडाभर काय काय रचलं, ते तुम्हाला सांगायची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मंगळवारी परतताना मी तिला सरळच विचारलं. तिने स्वेटरची बाही वर केली. दंडावर बोटांचे पाच काळेनिळे वळ. एका चर्चच्या तळघरात मार खाणाऱ्या बायकांना सल्ला देणारी संस्था होती, आणि तो दाढीवाला त्यांना ने-आण करणारा स्वयंसेवक. मुलीचा ताबा कसा मिळेल, कागद काय लागतील, याची चौकशी चालली होती. मुलगी, मीनल, तेव्हा अकरा वर्षांची. ‘जूनपर्यंत कुणाला कळता कामा नये, सुनंदा,’ ती म्हणाली. ‘त्यांना आधी कळलं तर मीनल जाईल माझ्या हातातून.’ मी तिचा हात दाबला आणि शब्द दिला. त्या क्षणी मनापासूनच दिला असावा.

एप्रिलमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या एकीकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कैरी मिळायची नाही, म्हणून आंबट हिरवी सफरचंदं किसून केलेली डाळ, पन्हं, सगळ्या नव्या साड्यांत. शैला अजून यायची होती. कुणीतरी म्हणालं, मंगळवारी तिला एका गोऱ्याच्या गाडीत पाहिलं म्हणे. सगळ्या माझ्याकडे वळल्या – मी तिची मैत्रीण, मला ठाऊक असणारच. मी काय म्हणाले? मी म्हणाले, ‘मला बाई काही माहीत नाही. वर्गातून अर्ध्यात उठून जाते, एवढं खरं.’

एवढंच. यात एक शब्द खोटा – ‘माहीत नाही’ हा. बाकी सगळं खरं, आणि त्या खऱ्यानेच घात केला. तिला वाचवायला सोपी थाप मारता आली असती की – तो आमच्याच वर्गातला आहे, तिला लायब्ररीत सोडतो. तीही जमली नाही? शैलाने सांगितलेलं मी लपवलं असं डॉक्टरांना कळलं तर माझा नवरा मला काय म्हणेल, याची भीती होती. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण खोलीतल्या चौदा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि ते मला आवडलं होतं. भीती त्यानंतर आली. आधी आवडलं होतं.

त्याच आठवड्यात मी वर्गासाठी निबंध लिहिला. त्या गोष्टीत खरा दोष त्या बाईला पापी ठरवणाऱ्या पाद्र्याचा नाही, लांबच्या वाटेने जाणाऱ्या शेजारणींचा, असं ठासून लिहिलं. मला ए मिळाला. शैलाने तो गाडीत वाचला आणि म्हणाली, ‘किती छान लिहिलंस गं. तुला कळतं सगळं.’ मी गाडी चालवत राहिले.

आमच्या मंडळात निमंत्रणं फोनने जात. यादी ठरलेली – मला फोन आला की मी शैलाला करायचा, शैलाने वंदनाला. मे महिन्यात सहलीचा फोन आला, तेव्हा मी शैलाला सोडून सरळ वंदनाला लावला. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. वंदना म्हणाली, ‘तू कसा काय केलास? मला शैला करते ना?’ मी म्हटलं, ‘म्हटलं या वेळी मीच करावा.’ ती म्हणाली, ‘बरं केलंस.’ त्यानंतर शैलाचं नाव कुणी घेईना. बायकांनी घरी काय सांगितलं, नवऱ्यांनी डॉक्टरांना काय विचारलं, हे मी पाहिलेलं नाही. पण जून उजाडायच्या आत ‘आई आजारी आहे’ म्हणून शैलाला कोल्हापूरच्या वाटेला लावलं गेलं. एकटीला. ज्यावाचून परत येता येत नाही ते तिचं ग्रीन कार्ड डॉक्टरांनी कपाटात ठेवून घेतलं, हे मला नवऱ्याकडून कळलं. ती परत आली नाही. ती गोऱ्याबरोबर पळून जाणार होती, ही गोष्ट मात्र आमच्यात चांगली रुजली. मी ती कधी खोडली नाही.

सहा वर्षांनी मीनल माझ्याकडे आली. नुकतंच लायसन्स मिळालेलं, स्वतः ड्राइव्ह करत. स्वयंपाकघरात बसली आणि बॅगेतून निळ्या एअरोग्रामचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. परदेशी टपालाची पत्रं, सगळी न फोडलेली.

‘आईची आहेत,’ ती म्हणाली. ‘बाबा घरी यायच्या आधी मी मेलबॉक्समधून काढून घेते. पण ओपन नाही करत. आय वॉज सो मॅड ॲट हर. मावशी, तू तिची बेस्ट फ्रेंड होतीस ना? टेल मी. शी लेफ्ट मी फॉर दॅट गाय? मी ही वाचू का?’

तिचे डोळे अगदी आईचे. एक वाक्य पुरलं असतं. ती तुला सोडून गेली नाही, तुझ्यासाठीच धडपडत होती – एवढंच.

मी म्हणाले, ‘तुमच्या घरातलं मी काय सांगणार, बाळा?’

‘ओके,’ ती म्हणाली. गठ्ठा बॅगेत टाकला, चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, आणि गेली. ती पत्रं तिने पुढे वाचली की फेकली, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

ती समोर बसली होती तेव्हा माझ्या मनात शैला नव्हती, ती पोरगीही नव्हती. मी फक्त त्या गठ्ठ्याकडे बघत होते, आणि त्यातल्या कुठल्या पत्रात माझं नाव असेल, याचा अंदाज घेत होते.