घरटी एक मत

मी बडबडी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी विचारायला नको, की बाई, एवढं होतं तर तेव्हाच तोंड का नाही उघडलंत? जन्मभर उघडंच होतं हो. नेमकं एका रविवारी मिटलं, आणि तेच आजवर नडतंय.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. ह्यांना सिल्वासाच्या सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायला आलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा. मी पालघरकडची. लग्नाआधी वर्षभर तालुक्याच्या वाचनालयात काम केलेली. पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि कुणाचं लक्ष नसलं की तीच पुस्तकं वाचायची. इथे आले तर दुकानांच्या पाट्या गुजराती, कचेरीतले कागद हिंदी-इंग्रजी, फरसाणाच्या पुडीचा कागदसुद्धा गुजराती. मराठी वाचायचं तर घरात फक्त पंचांग!

मग इथल्या मराठी मंडळींनी वाचक मंडळ काढलं. शाळेचे हेडमास्तर त्याचे प्रमुख. ते सुट्टीत मुंबईला जायचे आणि वापीपर्यंत गाडीनं, पुढे बसनं, पुस्तकांची एक पत्र्याची ट्रंक घेऊन यायचे. कथा-कादंबऱ्या मात्र बंद. हेडमास्तरांचं म्हणणं, मोठ्या माणसांनी खरं तेवढंच वाचावं. त्यामुळे ट्रंकेतून काय निघेल याचा नेम नसे. प्रवासवर्णन, कुणा डॉक्टरची आठवणींची वही, मधमाश्या कशा पाळाव्यात, मुलं कशी वाढवावीत. अकरा घरं, प्रत्येक घरी पाळीनं एक पुस्तक. रविवारी सकाळी कुणाच्या तरी व्हरांड्यात बैठक आणि प्रत्येकानं आपापलं मत सांगायचं. त्यातही एक नियम होता: घरटी एक मत. सगळेच बोलायला लागले तर दुपारची जेवणं राहतील, म्हणून. मत सांगायचं ते पुरुषांनी. बायका आत पोहे करायच्या.

आता आमच्या ह्यांचं सांगते. माणूस वाईट नाही, पण वाचनाचा कंटाळा. पुस्तक हातात घेतलं की पाचव्या मिनिटाला डुलकी. पुस्तक छातीवर उघडं आणि हे घोरतायत. वाचायची मी. शनिवारी जेवताना हे विचारायचे, "हं, काय आहे गं त्यात?" मी पोळी वाढता वाढता सांगायची, आणि तेच रविवारी व्हरांड्यात जायचं.

युरोपच्या प्रवासावर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. मी म्हटलं, हा गृहस्थ युरोप बघायला नाही, जेवायला गेला होता. प्रत्येक शहरात चर्चची एक ओळ आणि जेवणाची दोन पानं! दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते जसंच्या तसं म्हटलं आणि व्हरांडा हसून हसून लोटपोट. हेडमास्तरांना ते पुस्तक भारी आवडलं होतं, ते जरा रागावले, पण हसू त्यांनाही आवरेना. मुलं वाढवण्याच्या पुस्तकावर मी म्हणाले होते, ह्या लेखकानं स्वतःचं मूल एकदाही न्हाऊ घातलेलं नाही. तेही ह्यांनी सांगितलं. पुरुषमाणूस असून काय बारीक नजर, म्हणून सगळे थक्क. कपाळ माझं!

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार आवडायचं. मी स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहून ऐकायची. टाळी पडली की हे हळूच पडद्याकडे बघायचे. मंडळी गेल्यावर आत येऊन म्हणायचे, "आज आपण बाजी मारली बरं का!" त्या 'आपण'वर मी कितीतरी महिने खूश होते.

पहिला खडा लागला तो एका साहेबाच्या पुस्तकावरून. जंगलातल्या लोकांमध्ये नोकरी करून त्यानं लिहिलेलं. त्यात म्हटलं होतं, ही माणसं उद्याची फिकीर करत नाहीत, आज मिळालं ते आज खाऊन मोकळी. आमच्याकडे गलोंड्याच्या आदिवासी पाड्यावरून भाजी घेऊन एक बाई यायची. मी तिलाच विचारलं. ती दारात बसून इतकी हसली! म्हणाली, "त्या सायबानं आमची भाताची कणगी बघितलीच नाय. घरात कवा आला असंल तं बघंल." मी ह्यांना म्हटलं, उद्या हेच सांगा. हे म्हणाले, "नको. आमच्या कचेरीतल्या साहेबांना ते पुस्तक आवडलंय." आणि रविवारी उठून म्हणाले, उत्तम, अभ्यासपूर्ण ग्रंथ! घरटी एक मत म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

त्या बैठकीत एकच माणूस ह्यांच्याविरुद्ध बोलला. खडोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, जळगावकडचा, कामगारांशी हिंदी आणि मालकाशी गुजराती बोलणारा. तो म्हणाला, "मले नाही पटलं. लिहिणारा उंबऱ्याबाहेरूनच परत गेला." मंगळवारी तोच ते पुस्तक पुढच्या घरी न्यायला स्कूटरवरून आमच्या दारात. हे कचेरीत गेलेले. मला कुठला धीर धरवतोय? त्या कणगीची हकिगत मी उभ्या उभ्या सांगितली. मग विषयातून विषय निघत गेला. अर्धा तास तो डोक्यावर हेल्मेट घालून उभा होता. जाताना म्हणाला, "वहिनी, ते युरोपच्या जेवणाचं पण तुमचंच ना?" मी नुसती हसले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पुढे पुस्तकं वाढली. एका ट्रंकेच्या तीन झाल्या. हेडमास्तरांनी शाळेची एक खोली द्यायची ठरवली. तीन ते सहा वाचनालय उघडं ठेवायचं, आणि तिथे बसायला एक माणूस हवा होता. ही बातमी ह्यांनीच घरी आणली. मला ती खुर्ची हवी होती हो. माझं म्हणून दुसरं काही मी कधी मागितलं नव्हतं. सकाळच्या चहाला मी सरळ सांगितलं, "अहो, माझं नाव सुचवा. मला ते काम येतं." हे म्हणाले, "बघू." तेवढ्यावर मी मनातल्या मनात कपाट लावूनसुद्धा टाकलं. प्रवासवर्णनं खिडकीकडे, मधमाश्या खाली.

तो रविवार आमच्याच व्हरांड्यातला. हेडमास्तरांनी विचारलं, कुणाला बसवू या? मी आत चहा गाळत होते. तो सुपरवायझर पटकन म्हणाला, "ह्या घरच्या वहिनींना बसवा की. त्यांच्यासारखं दुसरं कोण आहे?" मी ट्रे उचलला आणि पडदा सारून बाहेर आले.

हे हसत होते. म्हणाले, "तिला? अहो, तिला वाचनाचा गंधसुद्धा नाही. पुस्तक हातात घेतलं की पाचव्या मिनिटाला डुलकी."

सगळे हसले. मी ट्रे घेऊन मधोमध उभी. ह्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सुपरवायझरनं पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं खाली बघतच ट्रेमधला कप उचलला आणि चहा बशीत ओतला. आणि मी? मी, जिच्या तोंडाला कुलूप नाही असं सासूबाई सांगायच्या ती मी, हेडमास्तरांना विचारत होते, "साखर बरोबर आहे ना?"

मंडळी गेल्यावर मी रडले नाही, भांडले. असं का बोललात? ह्यांनी मला तरी खोटं सांगितलं नाही, हे मात्र खरं. म्हणाले, "अगं, तू तिथे बसलीस आणि लोकांशी दोन शब्द बोललीस, की आठ दिवसांत सगळ्यांना कळेल. मग मला काय किंमत राहील?" म्हणजे कळत होतं. माझं काय आहे आणि त्यांचं काय आहे, हे त्यांना पुरतं कळत होतं, आणि तरी केसानं गळा कापला. नकळत केलं असतं तर मी केव्हाच विसरले असते. स्वतःची डुलकीसुद्धा माझ्या नावावर केली!

पुढच्या शनिवारी जेवताना ह्यांनी विचारलंच, "हं, काय आहे गं त्यात?" मी म्हटलं, "कुणास ठाऊक. पाचव्या मिनिटाला डुलकी लागली." ह्यांनी भाताकडे बघत जेवण संपवलं.

उद्या फजिती होणार, या आशेवर मी रात्र काढली. पुस्तक होतं हिमालयात पायी फिरलेल्या एका साधकाचं. बिचारा महिनोन्‌महिने भाजलेल्या चण्यांवर राहिला होता. हे उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा गृहस्थ हिमालय बघायला नाही, जेवायला गेला होता!" झालं! तेच हसू, तीच टाळी. हेडमास्तरही मान डोलवत होते. पडद्याआड मी गार पडले. त्यांच्यातल्या एकानंही ते पुस्तक उघडलेलं नव्हतं. माझं एक वाक्य एवढ्या माणसांना वर्षानुवर्षं पुरणार होतं, आणि त्याला माझी गरजच नव्हती. सुपरवायझरची त्या दिवशी शिफ्ट होती. नंतर त्यानं बैठकीला येणंच सोडलं.

वाचनालयात हेडमास्तरांची पुतणी बसली. तिचं लग्न झाल्यावर दुसरी मुलगी आली, मग तिसरी. मी जात राहिले. वाचल्याशिवाय मला करमत नाही, त्याला काय करू? पुस्तक आणायची, वाचायची आणि परत करायची. ह्यांनी पुन्हा विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

नव्वदनंतर बऱ्याच वर्षांनी, ह्यांच्या निवृत्तीच्या सुमाराला, मी अशीच एका दुपारी गेले. तीन-चार जण पेपर चाळत बसले होते. टेबलामागच्या मुलीनं मी मागितलेलं पुस्तक काढलं आणि म्हणाली, "काकू, काका एवढी जाडी पुस्तकं कशी हो वाचतात?"

मला काय झालं कुणास ठाऊक. इतक्या वर्षांचं एकदम ओठावर आलं. मी मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "काका वाचत नाहीत. त्यांना वाचनाचा गंधसुद्धा नाही. पुस्तक हातात घेतलं की पाचव्या मिनिटाला डुलकी. सगळं मी वाचते. पहिल्या पुस्तकापासून."

सगळी खोली खळखळून हसली. ती मुलगी तर डोळे पुसत होती. "काहीतरीच काय काकू! काकांसारखा वाचणारा माणूस सिल्वासात दुसरा आहे का?" आणि तिनं हात पुढे केला. "त्यांचं कार्ड आणलंय ना?"

वाचनालयाचा नियम होता, घरटी एक कार्ड. आणलं होतं.