जर्मनला जर्मनच लागतं

"मावशी, आबा होडीपाशी बसल्यात, पर उठंनात," असं सांगत धोंडू दारात आला, तेव्हा मी भाकऱ्या भाजत होते. "म्हणावं, भाकऱ्या निवल्या. होडीतच वाढून आणू का?" मी आतूनच ओरडले. त्याने डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेतलं... तेव्हा कुठे मला कळलं. त्याला आता महिना झाला. भेटायला येणारे सगळे म्हणतात, यमुनाबाई, देवमाणूस गेला. असतील देव, पण त्या देवाबरोबर संसार मी केला आहे.

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून यांनी ती होडी आणली. उभा जन्म रेल्वेत तिकिटं विकण्यात गेलेला, पोहायला येत नव्हतं. कशाला आणली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पलीकडच्या वाडीसाठी." धरणाच्या पाण्यात त्या वाडीची वाट गेली होती. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर डोंगराला वळसा घालून लोणावळ्याला आणावं लागे, आणि एखादं माणूस वाटेतच जाई. हेतू चांगलाच होता, मी कुठे नाही म्हणते? पण वाडीतल्या धोंडूने ती वल्हवत नेली, तेव्हा पहिल्याच फेरीत आत घोटाभर पाणी! अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे आमच्या बोलण्यात जर्मनची होडी, आणि जागोजाग चिरलेली.

आधी यांनी डांबर फासलं. ते उन्हात पाघळून वाडीतल्या एका म्हातारीच्या लुगड्याला लागलं, आणि तिची बोलणी मी खाल्ली. मग तांब्याचे रिव्हेट ठोकले, तर त्यांच्याभोवतीचं जर्मनच झिजत गेलं आणि भोकं दुप्पट झाली. मग दारावर आलेल्या कल्हईवाल्याला धरलं. त्याचं कथील काही केल्या धरेना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आबा, जर्मनला जर्मनच लागतं." हे त्याने नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणावं, हे माझं नशीब.

पहिल्या दिवाळसणाला भावाने मला जर्मनची पातेली दिली होती. प्रत्येकावर ठोकून घातलेलं नाव: सौ. यमुना. एक दिवस भाताचं पातेलं सापडेना. शोधत गेले, तर हे पालथ्या होडीवर त्याचा पत्रा बसवत होते. "अहो, भात कशात शिजवू?" "आज पोहे कर." पुढच्या वर्षी आमटीचं गेलं, मग दुधाचं. होडीत पाणी भरायचं, बाहेर थेंब सुटेल तिथे कोळशाने खूण करायची, आणि मग माझ्या फडताळाकडे बघायचं. ती नजर मी ओळखायला लागले होते. एकदा संतापून उरलेली भांडी पोत्यात भरली आणि माहेरी निघाले. हे स्टेशनवर धापा टाकत आले. वाटलं, आता समजूत घालतील. "पोतं तेवढं ठेवून जा," म्हणाले... मी परत आले. पोत्यासाठी आले, असं सांगते.

मुलगा म्हणतो, होडी मोडीत देऊन टाकू. मीही हो म्हटलं होतं. परवा धोंडू आला. "मावशी, होडी पुन्ना गळतीया. सून अवघडल्याली हाय, पाऊस तोंडावर आलाय. काय करू?" "मला काय विचारतोस?" असं म्हणत मी त्याच्याबरोबर गेले. होडी पालथी घातलेली होती. तिचं बूड मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मोठ्या ठिगळांवर माझं नाव, बाहेरच्या बाजूला, सरळ. या माणसाने जन्मात एक रिव्हेट ओळीत ठोकला नाही. पण अक्षरांवर एकही नव्हता. लोकांनी महिन्याभरात मला गंगाभागीरथी करून टाकलं, आणि इथे मी अजून सौ... मला रडूही आलं आणि यांचा रागही आला. जिवंतपणी दाखवायला काय झालं होतं?

घरी येऊन शेवटचं पातेलं काढलं, कढीचं. धोंडूला म्हटलं, "हे घे. पण नावाला धक्का लावू नकोस."

"कुटं हाय नाव? मला वाचाया येत न्हाई, मावशी."

यांचा कोळसा कोनाड्यातच होता. मी नावाभोवती गोल काढला. "एवढं सोडून कुठेही ठोक."