शाळेत आलेली पहिली मुलगी

महापालिकेच्या त्या हायस्कूलमध्ये नोकरीला लागले तेव्हा मला शाळेची इमारत अजिबात आवडली नव्हती. माझं शिक्षण रहिमतपूरला झालेलं. तिथं मोकळं मैदान होतं. इथं सांगलीत एका अंगाला मंडई, दुसऱ्या अंगाला रिक्षा थांबा आणि मधे काळ्या दगडाची दुमजली शाळा. फळ्यावर आकृती काढायला पाठ फिरवली की बाहेर हॉर्न सुरू. भिंती मात्र एवढ्या जाड, की खिडकीत दोन मुली आरामात मांडी घालून बसायच्या. शाळा फार जुनी आहे, हे दर स्नेहसंमेलनात कुणीतरी सांगायचं आणि मी इतरांबरोबर टाळ्या वाजवायचे. माझा तिच्या इतिहासाशी संबंध एवढाच.

मग कृष्णेला तो मोठा पूर आला. नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरलं आणि वरून निरोप आला, शाळा लोकांसाठी उघडा. आम्ही शिक्षकांनी बाकं भिंतीला लावली, सतरंज्या पसरल्या. दुपारपर्यंत घरंच्या घरं येऊन वर्गांत उतरली. त्यांत भांड्यांचं दुकान असलेलं एक मुसलमान कुटुंब होतं. मुलगा, सून आणि पंचाहत्तरीच्या पुढं गेलेली त्याची आई. आजींना खालचा वर्ग द्यावा म्हणून मी पुढं झाले, तर त्या जिन्याकडं निघालेल्या.

"आजी, जिना जुना आहे. जपून."

"आवं बाई, ह्याच जिन्यानं वर जाऊन मी मॅट्रिक झालेय," त्या म्हणाल्या आणि चढल्यासुद्धा.

संध्याकाळी वीज गेली. पोरं कंटाळून किरकिर करायला लागली, म्हणून मी त्यांना आजींभोवती बसवलं आणि म्हटलं, "आजी, तुमच्या वेळची शाळा सांगा."

त्यांनी सांगितलं ते ऐकून मोठी माणसंही सरकत सरकत जवळ आली.

त्यांचे वडील कल्हईवाले. दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करायचे. मुलीला पुढं शिकवायचं त्यांच्या मनात होतं, पण हे हायस्कूल तेव्हा फक्त मुलांचं. वडील तिचा हात धरून थेट हेडमास्तरांपुढं उभे राहिले. मुलीला घेऊ नये असा नियम असला तर दाखवा, म्हणाले. असा नियम कुठंच नव्हता. शाळेच्या कमिटीतल्या काही जणांनी मग तोड काढली, पोरीनं मागच्या दारानं यावं, निराळ्या खोलीत बसावं.

"हेडमास्तर काय म्हणाले ठाव हाय? मागच्या दारानं कोळशाची पोती येतात. विद्यार्थी पुढच्याच दारानं येतील."

पहिल्या दिवशी व्हरांड्यात दोन्ही बाजूंनी मुलं उभी होती. कुणी खाकरलं, कुणी खडूचा तुकडा मारला. ती घरी जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी आली तर पुढच्या दारात हेडमास्तर स्वतः उभे. डोक्याला पागोटं, हात जोडलेले.

"मला म्हणाले, 'या.' केवढी हो मी, कल्हईवाल्याची पोर! मला 'या' म्हणणारं घरातबी कुणी न्हवतं. मग माझ्या बाजूनं चालत वर्गापत्तुर आले. दिवाळीच्या सुट्टीपत्तुर रोज. पुढं पुढं पोरं आपणहून बाजूला व्हायला लागली."

"मग तुमच्यासोबत अजून कोण मुली होत्या?" घरच्यांबरोबर तिथं आलेल्या माझ्या नववीतल्या एकीनं विचारलं.

"त्या साली कोन न्हाई. पुढल्या साली आल्या. मग येतच राह्यल्या."

मी त्या मुलीकडं पाहिलं. वर्गात आज निम्म्याहून जास्त मुली बसतात. मला तर वाटायचं, त्या कायमच तिथं होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी शाळेच्या पायऱ्या चढलं आणि खालच्या वर्गांतली सगळी माणसं वर आणावी लागली. त्या गडबडीत एका तरुण बाईला कळा सुरू झाल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बोटीसाठी फोनवर फोन लावले. बोटी लांबच्या वस्त्यांत अडकलेल्या.

आजी उठल्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची नोकरी झालेली, हे तेव्हा कळलं.

"शिक्षकांची खोली रिकामी करा. धुतलेली लुगडी द्या. बाई, पाणी उकळायला काय हाय?"

माझी विज्ञानाची प्रयोगशाळा वरच्याच मजल्यावर होती. मी स्पिरिटचे दिवे पेटवले, त्यांच्यावर काचेच्या चंचुपात्रांत पाणी उकळत ठेवलं, कात्री आणि दोरा त्यात टाकला. "भिऊ नगं गं, मी हाय," एवढंच आजी त्या बाईला पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बाहेर मंडईतले गडी, किरकिरणारी पोरं, सगळी खोलीकडं पाठ फिरवून, जिन्याकडं तोंड करून बसलेली.

बाळ रडलं तेव्हा मोठ्या बाई दाराशीच खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मुलगी झाली होती. थोड्या वेळानं बोट आली. जवानांनी बाळंतिणीला खुर्चीत बसवून खिडकीतून अलगद खाली उतरवलं. मागून बाळ, माझ्या शालीत गुंडाळलेलं.

पाणी ओसरल्यावर आजी आपल्या लेकीकडं कडेगावला गेल्या. आम्ही चिखल काढायला लागलो तर न बोलावता माणसं आली. मंडईत पोती वाहणारे हमाल, एक वकील, नववीतल्या मुलींच्या आया. सगळी कधीतरी इथंच शिकलेली. कुणी भाषण केलं नाही. खराटे चालत होते, बादल्या हातोहात पुढं सरकत होत्या.

शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गाला ओलसर वास येत होता. बाहेर हॉर्न वाजत होते. मी खडू घेऊन फळ्याकडं वळले आणि तशीच उभी राहिले. एवढी वर्षं मी कुठं उभी राहून शिकवत होते, ते पहिल्यांदा ध्यानात येत होतं. मागं निम्म्याहून जास्त बाकांवर मुली बसल्या होत्या. मग मी आकृती काढायला घेतली.