वर पाह्य

मला ठसका लागला की आजूबाजूच्या माणसांच्या अंगात एकदम कर्तृत्व संचारतं. एकजण पाठीत गुद्दे घालतो, दुसरा टाळूवर थापट्या मारतो, तिसरा पाण्याचा पेला तोंडाला लावतो, आणि सगळे मिळून म्हणतात, "वर पाह्य, वर पाह्य." वर काय असतं? अमरावतीला मुलाच्या फ्लॅटात वर पंखा असतो. मी एकाहत्तर वर्षांची बाई, तेल्हाऱ्याला शाळेत शिकवण्यात सगळी उमर घालवलेली, डोळ्यांतून पाणी गाळत पंख्याकडे बघत बसते आणि ठसका थांबायचा सोडून वाढतो.

सुरुवातीला खाण्याचा काही संबंधच नव्हता. फोनवर बोलता बोलता माझीच लाळ घशात भलतीकडे वळायची आणि जीव घाबराघुबरा व्हायचा. जी लाळ जन्मभर न सांगता खाली गेली, तिच्याकडे आता लक्ष ठेवावं लागतं, हे सांगायचं कुणाला? सांगितलं तर लोक हसतात. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कोनीतरी आठोन काढून राह्यलं तुमची." दिवसातून आठ-आठ वेळा माझी आठवण काढणारं कोण उरलंय, ते तरी सांगा म्हटलं, मी स्वतः जाऊन भेटून येते.

पुढे पाण्यानं ठसका लागू लागला, मग चहानं, मग पातळ वरणानं. तेव्हा नवीन उपदेश सुरू झाला, सावकाश खा. घरात सगळ्यांत सावकाश मीच खाते. मुलगा, सून आणि नात हात धुऊन टीव्हीपुढे बसतात तेव्हा माझ्या ताटात अर्धी पोळी असते. तरी सावकाश खा.

शेवटी मुलानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "आजी पाणी नीट पितात का?" तो म्हणाला, "हो, पितात." मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलेली होते. मला कान आहेत, तोंड आहे, आणि ज्या घशाबद्दल बोलणं चाललं होतं तो घसाही माझाच होता. तपासण्या झाल्या. मोठं काही निघालं नाही, वयानं गिळण्याचे स्नायू ढिले पडलेत म्हणाले आणि वरच्या मजल्यावर, गिळायला शिकवणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं.

त्या मुलीनं मुलाला बाजूला बसवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला जास्त त्रास कशाचा होतो, पाण्याचा की पोळीचा?" वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडल्यामुळे पुन्हा ठसका लागला. ती पाठीत मारायला धावली नाही. मला पुढे वाकवलं आणि म्हणाली, "खोका. खोकता येतंय तोवर खोकायचं."

मग तिनं कागदावर घसा काढून दाखवला आणि खाली सूचना लिहून दिल्या. तुम्ही गिळताना हनुवटी छातीकडे घ्या, घोट लहान घ्या, एका घासाला दोनदा गिळा, तोंडात घास असताना बोलू नका. पातळापेक्षा दाट बरं, ताकापेक्षा आंबील बरी. ठसका लागला तर मान वर करायची नाही आणि वरून पाणी तर ओतायचंच नाही, कारण मान वर केली की श्वासाची वाट आणखी उघडी पडते. मी विचारलं, "मग सगळे वर बघ का म्हणतात?" ती म्हणाली, "लहानपणी त्यांनाही कुणीतरी तसंच म्हटलेलं असतं."

कागद फ्रिजवर लागला. दुसऱ्या दिवशी सुनेनं माझ्या खोलीत एक छोटं टेबल मांडलं. "आई, तुम्ही इथे निवांत जेवा. बोलणंच होणार नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदावर टेबल कुठे होतं? मी ताट उचललं आणि बाहेर सगळ्यांत जाऊन बसले. पण त्यांचं लक्ष जेवणात नव्हतं, माझ्या घशाकडे होतं.

त्यानंतर चैत्र आला. चैत्रात हिवरखेडच्या आमच्या शेतात मारुतीला रोडगे असतात. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांत, भाजायचे, पंगतीत ते गरम गरम चुरायचे, वर वरण आणि तूप, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. मुलगा म्हणाला, "आई, तू घरीच थांब. रोडगे तुला गिळायचे नाहीत. तुझ्यासाठी डबा आणतो."

"काहून?"

"तुझा ठसका पाहून सगळे घाबरतात."

"मंग ज्याईले भेव वाटते त्याईनं घरी बसावं," मी म्हणाले. रागात मी थेट हिवरखेडची होते.

मला रोडग्याचं एवढं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाची पंगतीतली जागा एकदा सुटली की ती परत मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

गेले. निंबाखाली पंगत बसली. माझ्या मोठ्या जाऊबाई वाढत होत्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण अजून तुपाची कासंडी एका हातानं उचलतात. मी रोडगा बारीक चुरला, वरण दाट कालवलं, हनुवटी खाली घेतली, दोनदा गिळलं. अर्धा रोडगा सुखानं गेला. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "काय वं मास्तरीन, गोड लागते का आता आमच्या इकडचं?"

आणि मी घास तोंडात असताना उत्तर दिलं. चूक माझी.

घास अडकला, ठसक्यावर ठसका. पंगत उठली. कुणी टाळू थापटली, कुणी पाठ. जाऊबाई धावत आल्या, हनुवटीखाली तळवा लावून त्यांनी माझं तोंड निंबाकडे केलं. "वर पाह्य. चिमनी गेली पाह्य." दुसऱ्या हातात पाण्याचा गडू. मी होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांचा हात झटकला. गडू पत्रावळीवर सांडला. मी पुढे वाकले आणि घास बाहेर पडेपर्यंत खोकत राहिले.

श्वास आला तसा रागही आला. अमरावतीपासून मनात एक भाषण तयार होतं, ते आता सगळ्यांना ऐकवायचं ठरवलं. मी मान उचलली तर जाऊबाई आपल्या झटकलेल्या हाताकडे बघत उभ्या होत्या.

"बुढीबी असाच हात झटके वं," त्या म्हणाल्या.

बुढी म्हणजे आमच्या सासूबाई. शेवटची दोन वर्षं त्यांना बोलता येत नव्हतं आणि चहानं ठसका लागायचा. मी तेल्हाऱ्याहून शनिवारी-रविवारी हिवरखेडला यायची. शिकलेली म्हणून त्यांना खाऊ घालायचं काम माझ्याकडे असायचं. ठसका लागला की मी त्यांची हनुवटी वर करायची, "पत्र्याकडे बघा" म्हणायची आणि जाऊबाईंकडून पाणी मागवायची. त्या माझा हात झटकून खाली वाकायला बघायच्या. सगळे म्हणायचे म्हातारी हट्टी आहे, आणि सगळ्यांत आधी ते मीच म्हटलं होतं. पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही म्हणून त्यांचं ताट मागच्या पडवीत मांडायचं, तेही मीच सुचवलं. शेवटी छाती भरली आणि त्या गेल्या. ठसक्यानं गेल्या का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही.

मुलानं माझ्यापुढे नवी पत्रावळ ठेवली. भाषण ऐकायला सगळे थांबले होते, कारण माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. जाऊबाई माझ्याशेजारी खाली बसल्या.

"मंग बुढी सांगून राह्यली होती का आपल्याले?"

"हो."

"आन् आपन काय करत होतो वं?"

"तुमी पानी पाजत होत्या," मी म्हणाले. "बुढीचे हात मी धरून ठेवत होती. दोनी."