सोजराबाईचा डावा पाय

अमडापुरात अर्जुनरावांच्या पाठीत लाथ घालून वर त्यांच्याच घरचा चहा पिऊन येणारी बाई एकच होती. सोजराबाई. अर्जुनराव म्हणजे गावातले बडे शेतकरी. त्यांच्यासमोर त्यांचा सख्खा भाऊदेखील खाली मान घालून बोलायचा. पण पोतं उचलताना पाठीत उसण भरली, की हेच अर्जुनराव ओसरीवर घोंगडी टाकून पालथे पडायचे आणि कण्हत कण्हत विचारायचे, "येऊन राह्यली का नाई ते बाई?"

सोजराबाई पायाळू होती. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढून जन्माला आलेली. अशा माणसाचा पाय दुखऱ्या पाठीला लागला की उसण उतरते, हे सगळ्या गावाला ठाऊक. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पंचायतीत रेडिओ आला होता, दवाखान्यात डॉक्टर आला होता. ताप-खोकला डॉक्टरकडे गेला, पण उसण काही सोजराबाईला सोडून गेली नाही.

आईनं तिला नियम घालून दिले होते. सकाळी उपाशी पोटी जायचं, उभं राहून डावा पाय लावायचा, तीन वेळा लावायचा. लावताना भिंतीला टेकायचं नाही, कुणाचा हात धरायचा नाही, नाहीतर गुण तिकडेच उतरून जातो. पैसा घ्यायचा नाही, चहा चालतो. हा शेवटचा नियम आईचा नसून लेकीचाच असावा, असं शेजारची गोजरबाई म्हणायची. "तुह्या मायच्या काळात अमडापुरात चहा व्हता तरी का वं?"

चहाचं निमित्त हो सगळं. खरी गोष्ट वेगळीच होती. सोजराबाईचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, गेला तेव्हा तिची हळद नीट उतरलीही नव्हती. मूलबाळ नाही. तेव्हापासून ती दिराच्या, पुंजाजीच्या, घरामागच्या खोलीत राहत होती. गावात हळदीकुंकू असलं की तिला बोलावणं नसे. लग्न असलं की मांडवामागं भाकरी थापायला बसवत. मात्र पाठ आखडली, की तिला पुढच्या दारानं बोलावणं येई, पाट मांडला जाई, आणि घरची सवाष्ण बाई म्हणे, "या सोजराबाई, बसा." हे 'बसा' ऐकायला ती एखादा कोस चालत गेली असती.

आणि तशी चालतच होती, तेव्हा पाय मुरगळला. अर्जुनरावांकडूनच बोलावणं होतं. पावसात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. लगबगीत उजवा पाय एका चाकोरीत वाकडा पडला, आणि सोजराबाई भर रस्त्यात बसली. घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला.

गोजरबाई धावत आली, तिला उठवलं, खांद्याचा आधार देऊन घरी आणलं, आणि खाटेवर टेकवल्याबरोबर म्हणाली, "सगळ्या गावाले लाथा घालते. आता तुले लाथ घालाले कोन आनावं?"

रडता रडता सोजराबाईला हसू आलं.

मग घरचे उपचार सुरू झाले. जाऊ तानुबाईनं तेल लावून घोटा असा रगडला, की सोजराबाईचं ओरडणं वेशीपर्यंत गेलं आणि सूज नडगीपर्यंत आली. चुना-गुळाचा लेप झाला. एरंडाचं पान तेल लावून, तव्यावर शेकून बांधून झालं. घोटा काळानिळा पडला तेव्हा पुंजाजीनं गाडी जुंपली आणि तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं घोटा हलक्या हातानं दाबून पाहिला. "हाड शाबूत आहे. आतली शीर ताणली आहे. चोळू नका. पट्टा बांधून देतो, पाय उशीवर उंच ठेवा, आणि दिवाळीपर्यंत त्यावर भार देऊ नका. घाई केली तर हा पाय जन्मभर दगा देईल."

"डावा तं बरा हाय नं, डॉक्टरसाहेब?"

"डाव्याला काय झालंय?"

"काई नाई. म्हनूनच इचारलं."

डॉक्टरला यातलं काही कळलं नाही. सोजराबाईला मात्र परतताना गाडीतच कळलं. गुणाचा पाय डावा, तो धडधाकट होता. पण तो उचलायचा तर उजव्यावर उभं राहावं लागतं.

तिनं पथ्य पाळलं. असं पाळलं, की तानुबाई वैतागली. वेचणीचे दिवस, घरची माणसं पहाटेच कापसात जायची, आणि ही खाटेवर पाय उंच करून राणीसारखी. अर्जुनरावांकडून एकदा निरोप आला. पाय कसा आहे, असा. म्हणजे कुठला पाय, हे काही त्यात नव्हतं. मग निरोपही बंद झाले. उसण भरायची बंद झाली असेल, असं सोजराबाईनं स्वतःला सांगून पाहिलं. वेचणीच्या दिवसांत उसण बंद होत असती तर काय पाहिजे होतं.

गोजरबाईच्या पोटात बातमी राहत नसे. एका दुपारी ती येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली.

"सोजराबाई, तुले एक सांगू? रागावशीन."

"सांग नं."

"माही नवी सून हाय नं, जानेफळची, थे पायाळू हाय. बोलता बोलता परवा सांगतलं तिनं. अर्जुनराव येऊन गेले वं घरी. सोताच्या पायानं आले!"

सोजराबाईनं पट्ट्याची कड उगीच सारखी केली. "भिंतीले टेकते का थे?"

"भिंतीले? माह्या खांद्याले धरते, न् खिदखिद हासते."

"मंग, गुण येते?"

गोजरबाईनं पदराची कड बोटाला गुंडाळली. "येते वं," ती म्हणाली.

दोन्ही घरांच्या मध्ये एकच मातीची भिंत होती. आता सकाळी सकाळी पलीकडून आवाज यायचे. कुणीतरी कण्हायचं, सून हसायची, कपबशा वाजायच्या. सोजराबाई भिंतीकडे पाठ करून पडायची. ज्या नियमांवर तिनं सगळा जन्म काढला, त्यातला एकही ती पोर पाळत नव्हती आणि पाठी मोकळ्या होत होत्या. सवाष्ण होती, देखणी होती, शिवाय कुणाला बोलावणं पाठवायला नको. आपणच चालत जायचं. लोकांनी कशाला दिवाळीची वाट पाहावी?

दिवाळीची सारवासारव सुरू झाली, आणि शेणाची पाटी उचलताना गोजरबाई "माय वं!" म्हणून जागच्या जागी वाकली ती वाकलीच. भिंतीपलीकडून ते सोजराबाईला ऐकू आलं. मग सुनेचा रडवा आवाज आला, "मी पाय लावू का आत्याबाई?"

"खबरदार! सून होऊन सासूले पाय लावशीन? काशीराम, लेका, गाडी जुंप रे. सुई घेऊन येतो दवाखान्यातून."

खाटेवर सोजराबाई उठून बसली. सगळ्या गावात ही एकच पाठ उरली होती, जिला तो दुसरा पाय चालत नव्हता. ती पाठही आता सुईकडे निघाली होती.

"थांब वं गोजरबाई," तिनं भिंतीला तोंड लावून हाक मारली. "मी येतो."

"येडी हायेस का? तुले डॉक्टरनं काय सांगतलं?"

"सकाळपासून काई खाल्लं नाई मी," सोजराबाई म्हणाली, जणू प्रश्न तोच होता.

तिनं पट्टा सोडला. घोटा पिवळट पडला होता, पण सूज उतरली होती. काठी टेकत ती गेली, काठी दाराबाहेर भिंतीला लावली आणि उंबरा ओलांडून आत आली. सुनेनं लगबगीनं पाट मांडला. "या सोजराबाई, बसा."

"बसते काय!" गोजरबाई जमिनीवरून ओरडली. "माहा जीव चालला. लाव लवकर!"

सोजराबाई तिच्याजवळ उभी राहिली. सुनेनं हात पुढं केला. "धरा नं मले."

"नाई."

एकदा लावला. दुसऱ्यांदा लावताना उजव्या घोट्यातून कळ निघून मांडीत गेली. तिनं ओठ आवळले. तिसऱ्यांदा डावा पाय वर गेला आणि उजवा खालून आडवा झाला. सोजराबाई धाडकन पडली, अर्धी गोजरबाईवर आणि अर्धी ओल्या शेणात.

"मेली वं!" म्हणत गोजरबाई टुणकन उठली आणि तिला सावरायला वळली. मग तिचं तिलाच जाणवलं. ती ताठ उभी होती. वाकून पाहिलं, वळून पाहिलं. "अवं, गेली! उसण गेली माही!" सून हसायला लागली, काशीराम हसायला लागला. गोजरबाईनं खाली पाहिलं तेव्हा सोजराबाई घोटा दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि तिच्या तोंडावर रंग नव्हता. मग कुणी हसलं नाही.

तीच गाडी सोजराबाईला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरनं पट्टा पुन्हा बांधला. रागावला नाही, त्यामुळंच ती घाबरली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. घोटा बरा झाला म्हणायचा, पण आत कुठंतरी खुंटी ढिली राहिल्यासारखा. सपाट जमिनीवरही मध्येच वाकडा पडतो, आणि काठीशिवाय तिला उभं राहता येत नाही. गोजरबाईनं गावभर सांगून पाहिलं, की सोजराबाईनं आपली उसण तीन लाथांत काढली. लोक म्हणत, "लाथांनं नाई, अंगावर पडली म्हनून!" आणि कण्हत कण्हत तिच्याच सुनेपुढं पालथे होत.

अशाच एका थंडीच्या सकाळी गोजरबाई सोजराबाईच्या खोलीत आली. एका हातात चहाची किटली. ती तिनं वाकून खाली ठेवली.

"उसण भरली वं."

"सुनेकडं..." म्हणता म्हणता सोजराबाई थांबली. "मले उभं राहता येत नाई, गोजरबाई. बसून लावत नसतात."

"कोन सांगतलं? तुही माय पाहाले येऊन राह्यली?" आणि गोजरबाई खाटेपुढं पालथी पडलीसुद्धा. झटक्यात, पोरीसारखी. खरी उसण भरलेलं माणूस गुडघे टेकत, शिव्या देत, एकेक हाड मोजत खाली जातं. अशी किती माणसं सोजराबाईनं आयुष्यभर पाहिली होती.

ती खाटेच्या काठाशी सरकली. डावा पाय खाली सोडला आणि त्या पाठीवर ठेवला. पाठ ऊबदार होती, मऊ होती, कुठंही आखडलेली नव्हती.

"अजून उसाक वर," गोजरबाई म्हणाली.

सोजराबाईनं पाय जरासा वर नेला. तीन वेळा लावून झाल्यावरही तो तिनं लगेच उचलला नाही. किटलीतला चहा निवत गेला. गोजरबाई पालथीच पडून राहिली.