विमान निंबाच्या अलीकडून गेलं

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारच्या डब्यासोबत वाचायचो, तेही हसायला... खोटं कशाला सांगू. मी वायरमन आहे, धरणगावला. स्मशानाशेजारच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, कितीदा तरी चढलो असेन. भूत सोडा, साधं मांजरही कधी आडवं गेलं नाही. तेव्हा आज लिहितोय ते घाबरून नाही, वैतागून. घरी सांगितलं, साइटवर सांगितलं, सासुरवाडीलाही सांगून झालं. सगळ्यांचं उत्तर एकच — "अरे, डोळ्याला तसं वाटतं."

ज्याचं निम्मं आयुष्य पोलवर गेलं त्याला हे लोक उंची शिकवतात. आठ मीटरचा पोल आणि नऊ मीटरचा पोल मी चालत्या गाडीवरून ओळखतो. असो.

आमचं वावर, म्हणजे शेत, धुळ्याच्या बाहेर. त्या बाजूला विमान चालवायला शिकवतात, त्यामुळे छोटी विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत असतात. कोणी मान वर करून बघतही नाही. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, वावरातल्या खोलीत एकटेच राहतात. बाजरी दाण्यात आली की ते गोफण घेऊन माळ्यावर, पिकातल्या मचाणावर, उभे राहतात, पाखरं हाकायला. या वर्षी शेजारच्यांच्या लक्षात आलं, की विमानाचा आवाज आला की आबा गोफण खाली ठेवतात आणि विमान जाईपर्यंत गप्प बसून राहतात. विचारलं तर म्हणे, दगड विमानाला लागेल, आत कोणाची तरी पोर बसलीय. ती बांधावरच्या निंबाच्या उंचीवरून जाते आणि माझ्याकडे बघते.

झालं. गावाला आयता विषय मिळाला. पारावर बसून लोक आबांना विचारायचे, आज किती विमानं पाडली म्हणून. आणि ते गोफण खाली ठेवून बसले, की पाखरांचं फावायचं.

माझा मोठा भाऊ मात्र हसला नाही. तो धुळ्यात नोकरीला आहे, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्याचं म्हणणं, म्हातारपणाचा भ्रम सुरू झालाय, उद्या माळ्यावरून पडले तर? वावर बटाईने, म्हणजे वाट्याने कसायला देऊ आणि आबांना इकडे आणू. बोलणं चुकीचं नव्हतं. पण मागे एकदा आबा त्या फ्लॅटमध्ये राहिले होते तेव्हा त्यांनी जेवण सोडलं होतं. त्यांना वावरातून उचललं तर ते वर्ष काढणार नाहीत, हे मला दिसत होतं.

भाऊने विमान शिकवणाऱ्या एका ओळखीच्या माणसालाही विचारलं. त्याने नीट समजावलं, की आभाळात शेजारी मापाला काही नसतं, त्यामुळे खालून छोट्या विमानाची उंची कुणालाच सांगता येत नाही. मला पटलं. मीच म्हणालो, मी जातो, आबांसमोर मोबाइलवर शूटिंग करतो आणि विमान किती वर असतं ते त्यांनाच दाखवतो.

म्हणजे बघा, मी गेलो होतो आबांना खोटं पाडायला.

टळटळीत दुपार होती. मी माळ्यावर आबांच्या शेजारी, मोबाइल चालू. समोर बांधावर निंब. विमानाचा आवाज आला... वरून, खूप लांबून, नेहमीसारखाच. आबांनी गोफण खाली ठेवली. आणि पांढरं विमान निंबाच्या अलीकडून गेलं.

पुन्हा सांगतो, अलीकडून. मी आणि निंब यांच्यामधून. त्याच्या अंगाआड निंबाचा शेंडा क्षणभर दिसेनासा झाला. उंचीचा अंदाज चुकतो, मान्य... पण लांबची वस्तू जवळच्या झाडाला झाकेल कशी? पंखाखालचं चाक दिसलं. आत एक मुलगी, कानावर हेडफोन, मान वळवून आमच्याकडे बघत होती. बरं, निंबाचं पान हललं नाही. बाजरीतली पाखरं, जी आबांच्या नुसत्या खाकरण्याने उठतात, ती जागची उठली नाहीत. आणि आवाज शेवटपर्यंत वरच.

आबा शांत होते. म्हणाले, "देखं ना तू? मी इतला दिन सांगी राहिनू."

मग मोबाइल बघितला. निंब आहे, बाजरी आहे, आबांचा आवाज आहे. आणि विमान म्हणजे आभाळात, निंबाच्या कितीतरी मागे, एक ठिपका.

त्याच रविवारी भाऊच्या घरी बैठक बसली. भाऊ, वहिनी, आबा आणि मी. भाऊने व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, हे तर सरळ दिसतंय की. मी सांगायला लागलो — निंब झाकला गेला, मुलगी दिसली, मी शुद्धीत होतो. जितकं सांगावं तितकी वहिनी भाऊकडे बघायची. शेवटी मी चिडून म्हणालो, "आबांनाच विचार. आम्ही दोघांनी पाहिलंय."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "इमान वरच व्हतं. भलतं वर," ते म्हणाले. "मन्हा डोळाले तसं वाटनं. आते समजनं माले."

भाऊचा चेहरा उजळला. आबांना समजतंय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. बटाईचं पुढच्या वर्षी बघू. मला मात्र त्याने जिन्यात बाजूला घेतलं, ड्यूटीचा ताण आहे का विचारलं आणि एका डॉक्टरचं नाव सांगितलं.

परत जाताना मोटारसायकलवर मी आबांना फाडफाड बोललो. तुम्हाला खरं सांगायला काय झालं होतं? मला तोंडघशी का पाडलं? ते मागे बसून सगळं ऐकत होते. वावर जवळ आल्यावर म्हणाले, "तुले येडा म्हनतीन ते तुन्हं काय जाई? मन्हं वावर जाई."

मी त्यांना खोलीपाशी उतरवलं आणि गाडी वळवली.

त्यानंतर सुटी मिळेल तेव्हा मी माळ्यावर जाऊन बसलो. विमानं येतात, सगळी वरूनच. उन्हाचा भास म्हणावा तर दोघांना एकच भास कसा? मोबाइल खरा धरावा तर निंब कशाने झाकला गेला? आबांकडे विषय काढला की ते बाजरीचं बोलतात. त्यांचं बरोबर आहे, त्यांना तिथेच राहायचंय. पण ते विमान निंबाच्या अलीकडून गेलं असं म्हणणारा आता मी एकटाच उरलोय.