डाव्या हाताची भिंत

मला पोहायला आबांनी शिकवलं, आणि शिकवलं ते विहिरीत. भुसावळच्या पलीकडे, रावेरच्या वाटेवर आमचं गाव. केळीच्या बागेत आमची गोल विहीर होती, चांगली पंचवीस फूट रुंद. मी आठ वर्षांची असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, कमरेला दोर बांधून मला आत सोडलं आणि काठावर बसून एकच नियम घातला. "डाव्या हाताले भिंत राहू दे. मधी जाऊ नको." विहिरीवर आडव्या टाकलेल्या गर्डरवरून मोटारीचा पाइप मधोमध उतरला होता आणि पाइपाला लागून वायर होती. त्या वायरीची आबांना धास्ती. म्हणून मी भिंतीच्या कडेकडेने गोल पोहायला शिकले, भिंत डाव्या हाताला ठेवून. पुढे दोर सुटला, पण नियम काही सुटला नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. तेव्हा मी जळगावात पिंप्राळ्याला सासरी होते, बी.एड. करत होते आणि माझी मुलगी अडीच वर्षांची होती. लग्नाआधी मी कॉलेजकडून पळायचे, सायकलच्या शर्यतीतही नंबर काढायचे. आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांनी एक दिवस रस्त्यात गाठून सांगितलं, "ट्रायथलॉन नावाचा प्रकार आलाय. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. बायका मिळत नाहीत. तुला तिन्ही येतं." मला तिन्ही येतं हे इतक्या वर्षांत कुणी मोजून दाखवलं नव्हतं. मी तिथेच हो म्हणून बसले. घरी काय सांगायचं याचा विचार घराच्या फाटकाशी आल्यावर केला.

सासूबाई धुळ्याकडच्या. त्यांची जीभ धारदार, पण मन तसं नव्हतं. माझं पळण्याचं ऐकून म्हणाल्या, "पयीसन काय भेटी तुले? तीन तिगाडा, काम बिगाडा!" त्यानंतर त्या माझ्या सरावाला 'तिगाडा'च म्हणायच्या. "तिगाडा करी उनी का? आते पोळ्या लाट." मी चिडायचे. पण खोटं कशाला बोलू, मी सकाळी बाहेर असताना पोर उठली की तिला त्याच घ्यायच्या.

पहाटे पिंप्राळ्याहून नशिराबादपर्यंत सायकल, परत येऊन स्वयंपाक, मग कॉलेज. संध्याकाळी उद्याच्या पाठाचं टाचण काढायचं. तेव्हा पोर मांडीवर बसून माझ्या तक्त्यांना रंग फासायची. एकदा तिने गांडुळाच्या पचनसंस्थेवर इतकी गुलाबी वेटोळी काढली की वर्गात मुलं पाच मिनिटं हसत होती आणि निरीक्षक बाईंनी माझे गुण कापले. सायकल आमच्या यांची, दांडीची, उंच. शनिवारी हे तिचं कॅरिअर, मडगार्ड, स्टँड सगळं काढून द्यायचे आणि सोमवारी पुन्हा लावायचे, कारण दळणाचा डबा कॅरिअरवरच जायचा. मला कधी 'नको' म्हणाले नाहीत आणि कधी 'जा'ही म्हणाले नाहीत. पाना घेऊन खाली बसायचे, एवढंच. त्याचाही मला त्या काळात राग यायचा. आज येत नाही.

पळायला रस्ता होता, सायकलला रस्ता होता. प्रश्न पाण्याचा होता. जळगावातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ सकाळी दहाची, आणि दहाला माझा तास. म्हणून दर रविवारी सायकल झाली की पोरीला घेऊन मी एस.टी.ने माहेरी जायचे आणि विहिरीत उतरायचे. दीड हजार मीटर पोहायचं होतं. आबांनी दोराने विहिरीचा घेर मोजला, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, "सत्तर फेऱ्या." मग ते काठावर दोन वाट्या घेऊन बसायचे. एकीत सत्तर चिंचोके. माझी एक फेरी झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. नात शेजारी बसून चिंचोके पळवायची आणि आबा तिच्या मुठीतून ते परत काढायचे. कधी माझ्या पाच-दहा फेऱ्या जास्त व्हायच्या, तक्रार करायची सोय नव्हती. डाव्या हाताला भिंत ठेवून मी गोल गोल पोहत राहायचे. चार महिन्यांत दम असा वाढला की मला वाटलं, आता मला कोण अडवतंय.

निवड चाचणी धुळ्याजवळच्या एका तलावावर होती. पहिल्या दोघी राज्याच्या संघात आणि त्यांना पंधरा दिवसांचं शिबिर. शिबिर म्हटल्यावर घरात स्फोट झाला. सासूबाई म्हणाल्या, "पंधरा दिन? पोरगी मन्ही शे का तुन्ही? बठ्ठं घर मन्हा डोकावर शे." पोर तेव्हा दोन दिवसांपासून तापाने फणफणत होती आणि माझा पाठ उद्यावर आला होता. मी ताडकन म्हणाले, "पहिल्या दोघींत आले तर शिबिराला जाईन. नाही आले तर पुन्हा सायकलला हात लावणार नाही." कुणी मागितला नव्हता, मीच शब्द देऊन मोकळी झाले. माझी जीभही काही कमी नव्हती.

चाचणीला आबा गावाहून परस्पर धुळ्याला आले. धोतर, टोपी आणि पिशवीत चिंचोक्यांच्या दोन्ही वाट्या. "आबा, इथे नाही लागायच्या," मी म्हटलं. "राहू दे, जड थोड्याच हायेत," ते म्हणाले. हे पोरीला कडेवर घेऊन उभे होते. आम्ही पाच जणी होतो. दूर पाण्यात एक तांबडा पिंप तरंगत होता. त्याला वळसा घालून परत यायचं. शिट्टी झाली आणि मी उडी मारली.

मी जोरात निघाले. बराच वेळ आजूबाजूला कुणाचा हात दिसेना तेव्हा मनात म्हटलं, सगळ्या मागे राहिल्या. मग देखरेखीच्या नावेतला माणूस ओरडताना ऐकू आला. डोकं वर काढलं तर समोर बाभळी! पिंप पार डावीकडे राहिला होता आणि मी उजव्या अंगाला काठाकडे चालले होते. वळले, पिंपाकडे तोंड केलं, पुन्हा निघाले. पन्नास हात मारले आणि पुन्हा बाभळी. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं डावी भिंत टाळत मी उजवीकडे वळत आले होते. आता भिंत नव्हती, पण अंग वळतच होतं. मी त्याला सांगत होते, सरळ चल बाबा, सरळ चल, आणि ते ऐकत नव्हतं. स्वतःच्या हातापायांपुढे माणूस इतका लाचार होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दर दहा हातांना थांबून पिंप शोधायचा, वळायचं, पुन्हा निघायचं. परत येतानाही तेच. मी पाण्यातून शेवटची बाहेर आले.

सायकलवर मी दोघींना गाठलं. राग असला की माझे पाय चांगले चालतात. पळायला उतरले तेव्हा मी तिसरी होते आणि दुसरी मला लांबवर दिसत होती.

पळायचे चार फेरे होते आणि हे पोरीला घेऊन वळणावर उभे होते. पहिल्या फेऱ्याला तिने मला पाहिलं, हसली आणि दोन्ही हात पुढे केले. मी पुढे गेले. दुसऱ्या फेऱ्याला ती रडायला लागली. तिसऱ्या फेऱ्याला ती यांच्या कडेवरून निम्मी बाहेर लोंबकळत "आई, घे ना, घे ना" म्हणून ओरडत होती. हे तिचं तोंड दुसरीकडे वळवायला बघत होते. मी तिच्यापासून दोन हातांवरून पळत गेले. मला आजही ते आठवलं की लाज वाटते, आणि थांबले असते तरी वाटलीच असती. शेवटच्या फेऱ्यात दुसरीची पाठ इतकी जवळ आली की तिच्या वेणीची लाल रिबीन स्पष्ट दिसत होती. पण जेवढा रस्ता उरला होता तेवढ्यात ती गाठली जाणार नव्हती. हे मला आधीच समजलं होतं, तरी पळायला लागलं. तिसरी आले. पोरीला घ्यायला हात पुढे केले तर ती माझ्याकडे येईना.

परतीच्या एस.टी.त आबा माझ्या शेजारी बसले. पारोळ्याला खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच तुले तसं शिकोलं. तळ्याले भिंत नसते, हे माह्या ध्यानातच नाही आलं." मी म्हटलं, "आबा, असं काही नाही." याहून बरं काहीतरी सुचायला हवं होतं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कितवी उनी?" तिसरी, मी म्हटलं. "मंग? तिसरा नंबर काय वाईट शे का?" असं म्हणून त्यांनी तेल कोमट केलं आणि माझ्या पोटऱ्या चोळून दिल्या. शब्दाची आठवण त्यांनी काढली नाही. यांनीही नाही. पुढल्या शनिवारी हे पाना घेऊन अंगणात बसले तेव्हा मीच म्हणाले, "राहू द्या कॅरिअर." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाना आत नेऊन ठेवला. मोड तो शब्द, असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी कितीतरी दिवस वाट पाहिली. कुणी म्हटलं असतं तर मी लगेच मोडला असता. पण माझ्या घरची माणसं भली, त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला.

त्यानंतर रविवारी माहेरी जाणंही थांबलं. परीक्षा जवळ आली होती, आणि आबांना तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात माहेरी गेले. आबा चहासुद्धा पिऊ देईनात. "चाल, विहिरीवर चाल." विहिरीत पाहिलं तर गर्डर कडेला सरकवलेला, पाइप आणि वायर भिंतीला घट्ट बांधलेली. आणि मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पाण्यावर वीतभर उंचीने ताठ ओढलेला दोर. खुंट्यांसाठी दगडात भोकं पाडून घेतली होती. "आता भीती नाही," आबा म्हणाले. "दोराखालून सरळ पोह्य. इकून तिकडी, तिकून इकडी. दोनशे डाव." काठावर वाटीच्या जागी भगुनं होतं. त्यात दोनशे चिंचोके होते, धुऊन पुसून ठेवलेले.

मी सोडलंय, हे वाक्य मी एस.टी.त तीनदा घोकून आले होते.

सहा हात मारले की भिंत येत होती. वळायचं, पुन्हा सहा हात, पुन्हा भिंत. दर वेळी वर चिंचोका पडल्याचा आवाज यायचा आणि आबा नातीला सांगायचे, "पाह्य, तुही माय कशी सरळ चालली." दोनशे होईपर्यंत मी बाहेर आले नाही.